प्रिंटर छापत नाही, तेव्हा...

घरातील यंत्रांमध्ये प्रिंटर हे सर्वांत लहरी यंत्र समजले जाते. मिक्सर बिघडला तर तो फिरत नाही, दिवा गेला तर उजेड पडत नाही. दोष कोठे आहे ते तत्काळ कळते. प्रिंटरचे तसे नसते. त्याचा हिरवा दिवा शांतपणे तेवत असतो, ट्रेमध्ये कागद असतो, शाई भरलेली असते, संगणकही छपाई सुरू असल्याचे सांगत असतो आणि कागद मात्र बाहेर येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी हा अनुभव नेमका नको त्या रात्री आला. पुतणीची प्रवेश परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. परीक्षा केंद्रावर प्रवेशपत्राची छापील प्रत आणणे बंधनकारक असून मोबाइलवरील प्रत चालणार नाही, अशी सूचना प्रवेशपत्रावरच होती. रात्रीचे साडेदहा वाजले होते. कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान बंद झाले होते आणि सकाळी नऊपूर्वी ते उघडत नाही. "काका, केंद्रावर साडेसातला पोहोचायचं आहे," एवढेच ती म्हणाली. पण तिच्या आवाजातली काळजी लपत नव्हती.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात आम्ही तेच केले, जे बहुतेक घरांत केले जाते. छपाईची आज्ञा पुन्हा पुन्हा दिली. प्रिंटर बंद करून चालू केला. संगणक बंद करून चालू केला. धाकट्या भावाने यादीतून प्रिंटर काढून टाकून पुन्हा जोडण्याचा प्रयत्न केला, तर पहिला जाईना आणि त्याच नावाचा दुसरा मात्र येऊन बसला. रांगेत प्रवेशपत्राच्या सहा प्रती साचल्या होत्या. त्या रद्द केल्या, तर पहिल्या प्रतीपुढे 'डिलीटिंग' हा शब्द उमटला आणि तेथेच थिजला. "दादा, जुना झाला आहे तो. उद्या नवाच घेऊ," असे म्हणून भावाने हात टेकले.

प्रत्यक्षात प्रिंटरमध्ये कोणताही बिघाड नव्हता. दोष दुसरीकडेच होता, तोही एक नव्हे, तर दोन. तो कसा सापडला, हे समजून घेतल्यास असा प्रसंग कोणत्याही घरात शांतपणे हाताळता येईल.

चार कड्यांची साखळी

पडद्यावरचा मजकूर कागदावर उतरण्यापूर्वी चार टप्पे पार पडावे लागतात. 'ड्रायव्हर' नावाची आज्ञावली मजकुराचे रूपांतर प्रिंटरला समजणाऱ्या भाषेत करते. ते काम संगणकातील रांगेत ठेवले जाते. तेथून ते केबलद्वारे किंवा वायफायद्वारे प्रिंटरपर्यंत पोहोचते. शेवटी प्रिंटर शाई आणि कागद यांच्या साह्याने ते छापतो. म्हणजे दुभाषी, रांग, जोडणी आणि यंत्र अशी ही साखळी आहे.

एक कडी तुटली तरी परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे कोरा ट्रे. गोंधळाचे मूळ येथेच आहे. लक्षण एक, कारणे चार. आणि आपण अंदाजाने कोणत्याही कडीवर उपाय करीत सुटतो. म्हणून तपासणीचा पहिला नियम असा, की शेवटच्या कडीपासून मागे यावे, प्रत्येक कडी स्वतंत्रपणे तपासावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला किंवा बिघाड कशाने वाढला, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

यंत्राची स्वतंत्र परीक्षा

प्रथम संगणकाला बाजूला ठेवावे. प्रिंटरला स्कॅनरची काच असेल, तर एखादा छापील कागद तीवर ठेवून 'कॉपी'चे बटण दाबावे. काच नसेल, तर प्रिंटरवरील बटणांनी चाचणी पान काढता येते. कोणते बटण किती वेळ दाबायचे, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. या परीक्षेत संगणकाचा काहीही संबंध नसतो. पान स्वच्छ आले, तर यंत्र, शाई आणि कागद निर्दोष आहेत असे समजावे आणि पुढच्या कडीकडे वळावे. आमच्या घरी पाठ्यपुस्तकाचे एक पान काचेवर ठेवले आणि दहा-बारा सेकंदांत त्याची सुरेख प्रत बाहेर आली. नवा प्रिंटर घेण्याचा विषय तेथेच संपला.

पान कोरे किंवा पट्टे पडलेले आले, तर दोष यंत्रात आहे. शाईच्या प्रिंटरमध्ये शाई अतिसूक्ष्म छिद्रांतून कागदावर फवारली जाते. प्रिंटर बराच काळ वापरला नाही, की या छिद्रांत शाई वाळते. अशा वेळी 'हेड क्लीनिंग' ही सोय वापरावी. पण दोन-तीन वेळांपेक्षा अधिक नव्हे. प्रत्येक सफाईत बरीच शाई खर्च होते आणि ती प्रिंटरच्या आतील शोषक गादीत जमा होते. ही गादी भरली, की अनेक प्रिंटर छपाई नाकारतात. दोन-तीन सफायांनंतर काही तास थांबून पुन्हा प्रयत्न करावा. दरम्यान वाळलेली शाई सैल होण्यास अवधी मिळतो. आठवड्यातून एकदा एखादे रंगीत पान छापत राहिल्यास ही वेळ सहसा येत नाही. लेझर प्रिंटरमध्ये द्रव शाईऐवजी कोरडी भुकटी असल्यामुळे वाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र भुकटी कागदावर पक्की करण्यासाठी त्यात मोठी उष्णता निर्माण केली जाते आणि त्या क्षणी वीज एकदम अधिक ओढली जाते. त्यामुळे लेझर प्रिंटर संगणकाच्या छोट्या यूपीएसवर जोडू नये.

कागदाकडेही दुर्लक्ष नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडा राहिलेला कागद हवेतील ओलावा शोषून घेतो. मग एकदम दोन-तीन कागद ओढले जातात किंवा कागद आत अडकतो. गठ्ठा वापरून झाल्यावर मूळ वेष्टनात गुंडाळून ठेवावा. याखेरीज कागदाच्या आकाराचा एक छुपा घोटाळा असतो. आपल्याकडे ए-४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचा कागद वापरला जातो. अमेरिकेत 'लेटर' हा २१६ बाय २७९ मिलिमीटरचा आकार प्रचलित आहे. दस्तऐवज 'लेटर' आकारात बनलेला असेल, तर काही प्रिंटर ए-४ कागद समोर असूनही 'लेटर'ची वाट पाहत थांबून राहतात. छपाईच्या चौकटीत 'ए-४' निवडणे एवढाच त्यावर उपाय असतो.

पत्ता बदलला, टपाल जुन्याच घरी

दुसरी परीक्षा जोडणीची. केबल असेल, तर ती दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी. शक्यतो ती संगणकाच्या नेहमीच्याच खाचेत लावावी. खाच बदलल्यास विंडोज कधीकधी त्याच प्रिंटरला नवा प्रिंटर समजते आणि यादीत 'कॉपी १' असे दुसरे नाव उभे राहते. आपण आज्ञा देतो जुन्या नावाला आणि प्रिंटर जोडलेला असतो नव्या नावाशी.

वायफायवर चालणाऱ्या प्रिंटरची गोष्ट थोडी निराळी आहे. घरातील राउटर प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक देतो. तो त्या उपकरणाचा घरातल्या घरातला पत्ता. हा पत्ता कायमचा नसतो. वीज जाऊन आली किंवा राउटर बदलला, की पत्त्यांचे वाटप नव्याने होऊ शकते. संगणकाने प्रिंटरचा जुना पत्ता लिहून ठेवलेला असेल, तर तो त्याच पत्त्यावर काम पाठवत राहतो आणि उत्तर आले नाही, की प्रिंटर 'ऑफलाइन' असल्याचे जाहीर करतो. प्रिंटर मात्र चालूच असतो.

हे पडताळण्यासाठी प्रिंटरच्या छोट्या पडद्यावरून किंवा त्याच्या माहितीपानावरून सध्याचा पत्ता पाहावा. नंतर संगणकाच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' या यादीतून आपला प्रिंटर निवडून 'प्रिंटर प्रॉपर्टीज' आणि त्यातील 'पोर्ट्स' हे पान उघडावे. तेथे नोंदलेला पत्ता आणि प्रिंटरचा पत्ता एकच आहे ना, हे ताडून पाहावे. आमच्या घरी संगणकाच्या नोंदीत १९२.१६८.१.५ होते आणि प्रिंटर सांगत होता १९२.१६८.१.७. त्या संध्याकाळी तासभर वीज गेली होती, याची आठवण तेव्हा झाली. वीज आल्यावर राउटरने पाच क्रमांकाचा पत्ता बैठकीतल्या टीव्हीला दिला होता. प्रवेशपत्र टीव्हीच्या दारावर जाऊन परत येत होते!

प्रिंटरपर्यंतची वाट मोकळी आहे का, हे पाहण्याची आणखी एक सोपी युक्ती आहे. ज्या चौकटीत आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, तेथे प्रिंटरचा पत्ता लिहावा. वायफायवरील बहुतेक प्रिंटर त्यावर स्वतःचे एक पान दाखवतात. पान उघडले, तर वाट मोकळी आहे. उघडले नाही, तर संगणक आणि प्रिंटर एकाच वायफायवर आहेत का, ते पाहावे. घरगुती वापराचे अनेक प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्‌झचे वायफाय ओळखतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्‌झचे एकच जाळे चालू ठेवले असेल, तर त्यांना ते दिसतच नाही.

चुकीचा पत्ता सुधारण्यासाठी 'पोर्ट्स'च्या पानावर 'ॲड पोर्ट'मधून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून नवा पत्ता लिहावा. कायमचा उपाय हवा असेल, तर राउटरच्या व्यवस्थेत 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' ही सोय पाहावी. तीमुळे प्रिंटरला नेहमी एकच पत्ता मिळतो.

रांग का तुंबते?

संगणक क्षणार्धात पान तयार करतो; प्रिंटरला मात्र ते छापण्यास वेळ लागतो. संगणकाने तोवर ताटकळत राहू नये, म्हणून काम आधी डिस्कवर साठवायचे आणि तेथून सवडीने प्रिंटरकडे पाठवायचे, अशी व्यवस्था करण्यात आली. विंडोजमध्ये हे काम 'प्रिंट स्पूलर' नावाची सेवा करते. रांग एकेरी असते. पहिले काम अर्धवट अवस्थेत अडकले, की मागची सर्व कामे खोळंबतात. अरुंद गल्लीत एखादा टेम्पो बंद पडावा, तसे.

मग संगणक बंद करून चालू केल्यावरही अडथळा का जात नाही? कारण ही कामे डिस्कवर फाइलींच्या रूपात असतात. वीज गेली तरी त्या पुसल्या जात नाहीत. संगणक सुरू झाला, की स्पूलर पुन्हा त्याच अडकलेल्या कामाला हात घालतो. प्रिंटर बंद करून चालू केल्यानेही संगणकातील या फाइलींना काही होत नाही. आमचा अर्धा तास वाया गेला, तो या कारणाने.

यावरचा उपाय असा. 'स्टार्ट'च्या शोधचौकटीत 'सर्व्हिसेस' लिहून ती खिडकी उघडावी. यादीतील 'प्रिंट स्पूलर'वर माऊसचे उजवे बटण दाबून 'स्टॉप' निवडावे. नंतर 'सी' ड्राइव्हमधील 'विंडोज', त्यातील 'सिस्टीम३२', त्यातील 'स्पूल' आणि त्यातील 'प्रिंटर्स' या फोल्डरपर्यंत जावे. परवानगी विचारली गेल्यास 'कंटिन्यू' म्हणावे. या फोल्डरमधील फाइली काढून टाकाव्यात; फोल्डरला मात्र हात लावू नये आणि शेजारच्या फोल्डरांनाही नाही. शेवटी 'सर्व्हिसेस'मध्ये परत येऊन 'स्टार्ट' करावे. फाइली काढण्यापूर्वी सेवा थांबवणे आवश्यक असते. अन्यथा त्या वापरात असल्याचे कारण देऊन विंडोज नकार देते. या कृतीने मूळ दस्तऐवज पुसला जात नाही. केवळ छपाईसाठी बनवलेली त्याची तात्पुरती प्रत जाते.

रांग साफ असूनही काम दुसरीकडेच जात असेल, तर मुख्य प्रिंटर कोणता ठरला आहे, ते पाहावे. विंडोज १० पासून 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' ही सोय आहे. ती चालू असल्यास सर्वांत शेवटी वापरलेला प्रिंटर मुख्य ठरतो. काल एखादे पान पीडीएफ म्हणून साठवले असेल, तर आजचे कामही कागदाऐवजी फाइलीत जाण्याची शक्यता असते. ही सोय बंद करून आपला प्रिंटर स्वतः निवडावा.

दुभाष्याची चूक

यंत्र, जोडणी आणि रांग या तिन्ही कड्या निर्दोष ठरल्या, तरच ड्रायव्हरकडे वळावे. प्रिंटरच्याही भाषा असतात. 'अडोबी'ची पोस्टस्क्रिप्ट ही त्यांतील एक प्रसिद्ध भाषा १९८४ मध्ये आली. 'एचपी'ची पीसीएल ही दुसरी. दुभाषी एका भाषेत बोलला आणि प्रिंटर दुसरीच जाणत असला, तर कागदामागून कागद अगम्य चिन्हांनी भरून बाहेर पडतात. असे झाल्यास कागद काढून घ्यावा, रांग साफ करावी आणि प्रिंटरच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज अपडेटमार्फत निर्मात्यांचे प्रिंटर ड्रायव्हर पुरवणे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे धोरण जाहीर केले. त्यामुळे जुन्या प्रिंटरच्या मालकांनी आपला ड्रायव्हर उतरवून एका पेनड्राइव्हवर जपून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधील 'प्रिंट टेस्ट पेज' हे बटण येथे उपयोगी पडते. चाचणी पान व्यवस्थित छापले गेले आणि आपला दस्तऐवज तेवढा छापला गेला नाही, तर दोष त्या दस्तऐवजात किंवा तो उघडणाऱ्या आज्ञावलीत आहे. मराठी मजकुराच्या पीडीएफ फाइलींबाबत हा अनुभव अनेकांना येतो; पडद्यावर अक्षरे नीट दिसतात आणि कागदावर चौकोन उमटतात. अशा वेळी ॲक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या चौकटीत 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'प्रिंट ॲज इमेज' निवडावे. मग पान अक्षरांऐवजी चित्र म्हणून पाठवले जाते आणि फॉन्टचा प्रश्न उरत नाही.

अपडेटमुळे प्रिंटर बिघडतो, म्हणून अपडेटच बंद करून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो धोक्याचा आहे. २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' या नावाने ओळखली गेलेली त्रुटी नेमकी याच स्पूलर सेवेत आढळली होती आणि तिचा वापर करून परक्याला संगणकाचा ताबा मिळवणे शक्य होते. मायक्रोसॉफ्टला जुलै २०२१ मध्ये तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. विंडोज १० चे नियमित साह्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, हे लक्षात ठेवावे.

मदत शोधताना सावधान

सर्वांत मोठा धोका प्रिंटरमध्ये नसून आपल्या घाईत असतो. त्या रात्री भावाने मोबाइलवर 'प्रिंटर मदत क्रमांक' शोधला. पहिल्याच क्रमांकावरील गृहस्थ अत्यंत सौजन्याने बोलले आणि पडदा दाखवणारे एक ॲप उतरवून घेण्यास सांगू लागले. आम्ही फोन ठेवला. अनोळखी व्यक्तीला पडदा दाखवणे म्हणजे तीवर येणारे बँकेचे संदेश आणि ओटीपीही दाखवणे होय. निर्मात्याचा क्रमांक शोधयंत्रातून न घेता खोक्यावरून, माहितीपुस्तिकेतून किंवा अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता अधिक.

दोन दोष, एक लक्षण

आमच्या घरचा प्रश्न एवढा हट्टी का ठरला, हे आता स्पष्ट होईल. पत्ता बदलला म्हणून पहिले काम अडकले आणि अडकलेल्या कामामुळे रांग तुंबली. केवळ रांग साफ केली असती, तर नवे काम पुन्हा टीव्हीच्या पत्त्यावर गेले असते. केवळ पत्ता सुधारला असता, तर रांगेतील थिजलेल्या कामाने वाट अडवलीच असती. एकेका उपायाला गुण येत नाही असे पाहून आपण तो उपायच चुकीचा ठरवतो. वास्तविक तो अर्धा बरोबर असतो. आम्ही आधी स्पूलर थांबवून रांग साफ केली, मग पत्ता सुधारला, यादीतील दुसरे नाव काढून टाकले आणि छपाईची आज्ञा एकदाच दिली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी रोलर फिरले आणि प्रवेशपत्र बाहेर आले. पुतणीने आणखी एक प्रत काढून ती स्वतंत्र पाकिटात ठेवली आणि शांतपणे झोपायला गेली.

आता आमच्या प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक चिठ्ठी डकवलेली आहे. तीवर मॉडेलचे नाव, राउटरमध्ये राखून ठेवलेला पत्ता आणि 'आधी कॉपी काढून पाहा' हे चार शब्द आहेत. महत्त्वाचा कागद आदल्या रात्री नव्हे, तर हाती येताच छापावा, हा धडाही आम्ही घेतला. वाचकांनी अशी चिठ्ठी आजच, प्रिंटर सुरळीत चालू असतानाच लिहून ठेवावी. तो अडून बसल्यावर तिची आठवण होऊन उपयोग नाही.